०-३ वरून ४-३: क्रिकेटवाल्यांना समजेल अशी बेसबॉलची एक मालिका

ऑक्टोबर आला की आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये दोन तट पडतात. मावसबहीण बॉस्टनजवळ राहते, आतेभाऊ न्यू जर्सीत. एरवी दोन्हीकडून गणपतीच्या आराशीचे आणि चकल्यांचे फोटो येतात, पण या महिन्यात त्यांची पोरं बेसबॉलवरून अशी हमरीतुमरीवर येतात की आजी विचारते, "यांचं वाटण्यांवरून काही बिनसलंय का?" २०२५ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्क यांकीजनी बॉस्टन रेड सॉक्सला तीन सामन्यांच्या छोट्या मालिकेत २-१ असं हरवलं, तेव्हा न्यू जर्सीच्या पोराने फटाक्यांची रांगच लावली. बॉस्टनच्या पोरीने उत्तरादाखल फक्त एक आकडा टाकला: २००४. त्यावर पुण्याचे काका म्हणाले, "२००४ ला लोकसभेची निवडणूक होती. तिचा इथे काय संबंध?"

काकांना चार ओळींत उत्तर द्यायचं ठरवलं होतं. जमलं नाही. कारण २००४ ला काय झालं हे एका वाक्यात सांगता येतं: सात सामन्यांच्या मालिकेत पहिले तीन सामने हरलेल्या रेड सॉक्सनी पुढचे चारही जिंकले. पण ते कसं शक्य झालं हे कळायला त्या खेळाची एक आतली गोष्ट समजून घ्यावी लागते, आणि ती गोष्ट जिद्द, शाप, चमत्कार यांपेक्षा घरातल्या किराण्याच्या डब्यांशी जास्त जुळते.

आधी खेळ, अगदी गरजेपुरता

शाळेत सॉफ्टबॉल खेळला असाल तर हा भाग सोडून द्या. बाकीच्यांसाठी: मैदानात नव्वद-नव्वद फुटांवर चार कोपरे असतात, त्यांना बेस म्हणतात. चौथा कोपरा म्हणजे घर. तिथे फलंदाज उभा राहतो आणि साठ फूट सहा इंचांवरून पिचर त्याला चेंडू टाकतो. आपली खेळपट्टी बावीस यार्डांची, म्हणजे सहासष्ट फुटांची. अंतर फारसं वेगळं नाही. फरक हा की इथे चेंडू टप्पा घेत नाही. प्रत्येक चेंडू फुलटॉस, हात वाकवून फेकलेला, आणि ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास. आपल्याकडे फुलटॉस मिळाला की फलंदाजाच्या तोंडाला पाणी सुटतं. इथे दहापैकी तीन वेळा बेसवर पोचेल असा फटका मारणारा फलंदाज मोठा समजला जातो.

तीन चेंडू चुकले की फलंदाज बाद. पिचरने चार चेंडू ठरलेल्या चौकटीबाहेर टाकले की फलंदाजाला पहिला बेस फुकट. चारही कोपरे फिरून घरी आला की एक धाव. चेंडू थेट कुंपणापलीकडे गेला तर तो होमरन, आणि त्या वेळी बेसवर उभे असलेले सगळेच घरी येतात, म्हणून एका फटक्यात चार धावाही होऊ शकतात. तीन जण बाद झाले की पाळी बदलते. असे नऊ डाव. बरोबरी झाली तर दहावा, अकरावा, कितीही. सामना अनिर्णित ही भानगडच नाही. यजमान संघ नेहमी नंतर खेळतो, त्यामुळे शेवटच्या डावात तो एका धावेनेही पुढे गेला की सामना तिथल्या तिथे संपतो.

एक नियम मात्र लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. एकदा बदली केलेला खेळाडू त्या सामन्यात परत येऊ शकत नाही. फलंदाज असो की पिचर, बाहेर गेला तो गेला.

पिचर म्हणजे महिन्याचा किराणा

क्रिकेटमध्ये दोन्ही टोकांकडून आलटून पालटून गोलंदाजी होते. बेसबॉलमध्ये टोक एकच आणि पिचरही एकच, तो दमेपर्यंत. सुरुवात करणारा पिचर साधारण शंभरेक चेंडू टाकतो. त्या फेकीने खांदा आणि कोपर असा काही पिळून निघतो की पुढे चार दिवस त्याला विश्रांती द्यावी लागते. म्हणून संघ असे पाच जण बाळगतो आणि एकेकाची पाळी लावतो. तो दमला की राखीव पिचर येतात, एखाद-दोन डाव टाकतात. त्यांच्यातही सगळ्यात भरवशाचा असतो तो अगदी शेवटी, आघाडी राखायला येतो. त्याला क्लोजर म्हणतात. मी त्याला 'शेवटचा पिचर' म्हणेन.

आता घरातल्या डब्यांचा विचार करा. महिन्याच्या एक तारखेला सगळे डबे भरलेले असतात. वीस तारखेला अचानक आठ पाहुणे आले की बाई ठरवते: चांगला बासमती आज काढायचा की पंचवीसच्या बारशासाठी ठेवायचा? साखर आज संपवली तर उद्याच्या चहाचं काय? बेसबॉलच्या प्लेऑफमध्ये प्रशिक्षक, म्हणजे तिथल्या भाषेत मॅनेजर, रोज रात्री हेच करत असतो. आजचा सामना जिंकायला कोणता हात वापरू आणि उद्यासाठी कोणता शिल्लक ठेवू? फटके आणि झेल टीव्हीवर दिसतात. हा हिशोब दिसत नाही, आणि माझ्या मते मालिकेचा निकाल बऱ्याचदा तिथेच लागतो.

पण सात सामने कशाला? एक फायनल घ्या आणि मोकळे व्हा

हा काकांचा हमखास प्रश्न. उत्तर असं की एका सामन्यात बेसबॉल फारच लहरी आहे. हंगामात प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो. २००४ मध्ये यांकीजनी १०१ जिंकले, रेड सॉक्सनी ९८. म्हणजे गटात पहिला आलेला संघसुद्धा तब्बल ६१ वेळा हरला होता. समजा एक संघ खरोखर सरस आहे, इतका की प्रत्येक सामना जिंकण्याची त्याची शक्यता ५५ टक्के आहे. एकच सामना घेतला तर शंभरातल्या ४५ वेळा कच्चा संघ जिंकेल. तीन सामन्यांत आधी दोन जिंकायचे असतील तर सरस संघाची शक्यता साडेसत्तावन्न टक्क्यांवर जाते, सातमध्ये आधी चार म्हटलं तर एकसष्ट टक्क्यांच्या जरा खाली. बस, इतकीच. सात सामने घेऊनही न्याय पुरता होत नाही, थोडा वाढतो.

दुसरा फायदा जास्त महत्त्वाचा. एका सामन्यात तुमचा उत्तम पिचर आणि शेवटचा पिचर एवढ्यावर भागतं. सात सामन्यांत मात्र सगळे डबे उघडावे लागतात. पाचव्या नंबरचा पिचर, ज्याचं नाव शेजारच्या पोरालाही माहीत नसतं, तोसुद्धा कधीतरी रात्री साडेबाराला मैदानात येतो.

अमेरिकेतलं मोठं बेसबॉल दोन लीगमध्ये विभागलेलं आहे. २००४ मध्ये त्यातल्या अमेरिकन लीगच्या अंतिम फेरीत पहिले दोन सामने न्यूयॉर्कला, मधले तीन बॉस्टनला आणि गरज पडली तर शेवटचे दोन पुन्हा न्यूयॉर्कला, अशी वाटणी होती. जिंकणारा पुढे वर्ल्ड सिरीजला, म्हणजे दोन्ही लीगच्या विजेत्यांमधल्या फायनलला जाणार.

दोघांचं भांडण कसलं?

बॉस्टन आणि न्यूयॉर्क यांच्यात मुंबई-कोल्हापूरपेक्षा थोडं कमीच अंतर आहे. जवळच्या भाऊबंदांमध्येच वैर मुरतं, तसं हे मुरलेलं. मूळ कारण एका विक्रीत आहे. बेब रूथ हा रेड सॉक्सचा खेळाडू. डिसेंबर १९१९ मध्ये मालक हॅरी फ्रेझी यांनी त्याला यांकीजना विकून टाकलं, व्यवहार जाहीर झाला १९२० च्या जानेवारीत. किंमत एक लाख डॉलर, शिवाय फेनवे पार्क हे मैदान तारण ठेवून मोठं कर्ज. तोवर यांकीजनी एकदाही वर्ल्ड सिरीज जिंकलेली नव्हती. नंतर २००० सालापर्यंत त्यांनी २६ जिंकल्या. रेड सॉक्सनी १९१८ ची शेवटची, मग एकही नाही. लोकांनी याला रूथचा शाप म्हणायला सुरुवात केली. रूथचं टोपणनाव 'बॅम्बिनो', म्हणून 'बॅम्बिनोचा शाप'.

शापाला खतपाणी घालणारे प्रसंगही येत गेले. १९७८ मध्ये गटविजेता ठरवायला एकच जादा सामना झाला आणि यांकीजचा बकी डेंट, ज्याच्याकडून होमरनची कोणी अपेक्षाच करत नव्हतं, त्याने तो मारला. १९८६ मध्ये वर्ल्ड सिरीज जिंकायला एक फलंदाज बाद करायचा राहिला होता आणि सामना निसटला. आणि २००३ मध्ये, याच दोन संघांच्या याच फेरीत, मालिका ३-३ अशी बरोबरीत, सातवा सामना अकराव्या डावात. रेड सॉक्सच्या टिम वेकफील्डने त्या डावात टाकलेला पहिलाच चेंडू यांकीजच्या अॅरन बूनने प्रेक्षकांत भिरकावला. खेळ खल्लास. वेकफील्ड मान खाली घालून मैदानाबाहेर गेला.

वेकफील्ड हे नाव धरून ठेवा.

पहिले तीन सामने, लवकर उरकू

१२ ऑक्टोबर २००४, न्यूयॉर्क. रेड सॉक्सचा मोठा पिचर कर्ट शिलिंग घोट्याच्या दुखापतीने पांगळा झाला होता, तीन डावांत सहा धावा देऊन बाहेर गेला. १०-७, यांकीज. दुसऱ्या दिवशी ३-१, पुन्हा यांकीज. मग बॉस्टन, तिथे आधी पावसाने एक दिवस खाल्ला, आणि १६ तारखेला यांकीजनी १९-८ असा धोबीपछाड दिला.

इथे थांबायला हवं, कारण या लाजिरवाण्या पराभवातच पुढची मालिका दडली आहे. सामना हातातून चालल्याचं चौथ्या डावातच दिसत होतं. राखीव पिचर एकामागून एक जाळले असते तर उद्यासाठी डबे रिकामे. तेव्हा वेकफील्डने मॅनेजर टेरी फ्रँकोनाला सांगितलं, मी टाकतो. उद्या, चौथ्या सामन्यात, सुरुवात करण्याची पाळी त्याचीच होती. प्लेऑफमधली सुरुवात म्हणजे पिचरसाठी लग्नात नवरदेवाचा मान. तो सोडून हा माणूस आधीच हरलेल्या सामन्यात तीनापेक्षा जास्त डाव चेंडू टाकत राहिला, धावाही दिल्या. धावफलकावर ते काम शून्य किमतीचं. पण रात्री रेड सॉक्सच्या कोठीत काही डबे भरलेले राहिले ते त्याच्यामुळे.

चौथा सामना, नववा डाव

तोवर सात सामन्यांच्या मालिकेत ०-३ असे मागे पडलेले बेसबॉलमधले २५ च्या २५ संघ हरले होते. त्यातल्या फक्त दोघांना मालिका सहाव्या सामन्यापर्यंत ओढता आली होती, सातव्यापर्यंत एकालाही नाही.

१७ ऑक्टोबरच्या रात्री नववा डाव सुरू झाला तेव्हा यांकीज ४-३ ने पुढे होते आणि चेंडू होता मारियानो रिव्हेराच्या हातात. शेवटच्या पिचरांमध्ये आजवरचा सर्वोत्तम कोण, या प्रश्नावर बेसबॉलमध्ये वाद होत नाही. तोच तो. पुढे २०१९ मध्ये 'हॉल ऑफ फेम'साठी त्याला प्रत्येक मतदाराचं मत मिळालं, असं भाग्य त्याआधी कोणाच्याही वाट्याला आलं नव्हतं.

रिव्हेराने केविन मिलारला चार चेंडू बाहेर टाकले. मिलार फुकटात पहिल्या बेसवर. फ्रँकोनाने मिलारला बाहेर काढलं आणि त्याच्या जागी धावायला डेव्ह रॉबर्ट्सला पाठवलं. तो जुलैच्या शेवटच्या दिवशी लॉस एंजेलिसहून संघात आलेला, आणि आणलाच होता पायांच्या वेगासाठी. मैदानातल्या प्रत्येकाला माहीत होतं की हा दुसरा बेस चोरणार. म्हणजे पिचर चेंडू टाकत असतानाच धाव घेऊन, फटक्याची वाट न बघता, पुढचा बेस गाठणार. रिव्हेरालाही माहीत होतं. त्याने फलंदाजाला एकही चेंडू टाकण्याआधी रॉबर्ट्सला बाद करायला पहिल्या बेसकडे तीनदा चेंडू फेकला. तीनही वेळा रॉबर्ट्स झेप घेऊन परत. मग रिव्हेराने फलंदाजाला पहिला चेंडू टाकला आणि रॉबर्ट्स सुटला. यष्टिरक्षकाच्या जागी असलेल्या होर्हे पोसाडाने चेंडू पकडून फेकला तो उत्तमच. दुसऱ्या बेसवर डेरेक जीटरने तो झेलून हातमोजा खाली टेकवला. रॉबर्ट्सचा हात त्याआधी बेसला लागला होता. किती आधी? बोटाच्या एखाद-दुसऱ्या पेराएवढा.

मग त्याच फलंदाजाने, बिल म्युलरने, सरळ मधून फटका मारला आणि रॉबर्ट्स घरी. ४-४.

सामना बाराव्या डावापर्यंत गेला. रेड सॉक्सच्या डेव्हिड ऑर्टिझने होमरन मारून तो संपवला तेव्हा बॉस्टनमध्ये मध्यरात्र उलटून १ वाजून २२ मिनिटं झाली होती. आपल्याकडे सोमवारची सकाळ, अकराला आठ मिनिटं कमी. माणसं ऑफिसात पहिला चहा घेत असतील.

चौदा डाव, आणि पुन्हा वेकफील्ड

त्याच दिवशी संध्याकाळी पाचला पाचवा सामना. पुन्हा यांकीज पुढे, आठव्या डावात ४-२. ऑर्टिझचा होमरन, ४-३. मिलार पुन्हा फुकटात बेसवर, त्याच्या जागी पुन्हा रॉबर्ट्स, पुन्हा रिव्हेरा, आणि पुन्हा बरोबरी. सलग दोन दिवस यांकीजना आपला सगळ्यात चांगला हात आठव्या डावातच, नेहमीपेक्षा लवकर आणायला लागला, आणि दोन्ही दिवस तो प्रत्येकी दोन डाव टाकून संपला.

इथे नशिबाचा वाटा कबूल करायलाच हवा. नवव्या डावात यांकीजच्या टोनी क्लार्कने उजव्या कोपऱ्यात फटका मारला. चेंडू मैदानात राहिला असता तर पहिल्या बेसवरचा धावपटू सहज घरी येऊन यांकीज पुढे गेले असते. पण चेंडूने एक टप्पा घेतला आणि कुंपणावरून प्रेक्षकांत उडी मारली. नियम असा की अशा वेळी सगळ्यांना दोनच बेस पुढे जाता येतं. धावपटू तिसऱ्या बेसवर अडकला, आणि तिथेच राहिला. एका टप्प्याने वाचवलं. हे कोणाच्या नियोजनात नव्हतं.

बारावा, तेरावा, चौदावा डाव कोणी टाकला? वेकफील्डने. ज्याने दोनच दिवसांपूर्वी स्वतःची पाळी सोडून हरलेला सामना ओढला होता. हे त्याला जमलं कारण तो 'नकलबॉल' टाकायचा: बोटांच्या टोकांनी धरलेला, जवळजवळ न फिरणारा, हळू चेंडू, जो हवेत पतंगासारखा गोता खातो. हाताला ताण कमी, म्हणून लवकर परत टाकता येतो. अडचण एवढीच की तो फलंदाजालाही कळत नाही आणि पकडणाऱ्यालाही. वेकफील्डचे चेंडू झेलायला संघात एरवी खास वेगळा माणूस असे. त्या रात्री जेसन वॅरिटेक उभा होता, त्याला सवय नव्हती, आणि एकट्या तेराव्या डावात तीनदा चेंडू त्याच्या हातून निसटला. तिसऱ्या बेसवर धावपटू, हातमोज्यातून उडणारे चेंडू, बॉस्टनमध्ये किती रक्तदाब वाढले असतील देव जाणे. धाव झाली नाही. चौदाव्या डावात ऑर्टिझने फटका मारला, जॉनी डेमन घरी आला, ५-४. पाच तास एकोणपन्नास मिनिटं. पहाटेचा होमरन आणि रात्रीचा हा फटका, दोन्ही १८ ऑक्टोबर या एकाच तारखेत बसतात. विजयी पिचर म्हणून नोंद: वेकफील्ड.

रक्ताळलेला मोजा

सहाव्या सामन्यासाठी न्यूयॉर्कला परतल्यावर फ्रँकोनाकडे एक डबा होता, पण त्याचं झाकण तुटलेलं. शिलिंग. त्याच्या घोट्याजवळचा स्नायूबंध जागेवरून सरकत होता. डॉक्टरांनी आजूबाजूची त्वचा आतल्या पेशींना टाके घालून शिवली, जेणेकरून तो बंध हलू नये. हा प्रयोग आधी मृतदेहावर करून पाहिला होता. अशा पायावर शिलिंगने सात डाव टाकले आणि एकच धाव दिली. पांढऱ्या मोज्यावर रक्ताचा डाग पसरत गेला, टीव्हीवर सगळ्यांनी पाहिला.

याच सामन्यात पंचांचे दोन निर्णय रेड सॉक्सच्या बाजूने फिरले. मार्क बेलहॉर्नचा फटका प्रेक्षकाच्या छातीवर आपटून मैदानात परत आला. आधी साधा फटका म्हटलेला, पंचांनी आपसांत बोलून होमरन दिला. आणि आठव्या डावात यांकीजच्या अॅलेक्स रॉड्रिगेझने धावता धावता रेड सॉक्सचा पिचर ब्रॉन्सन अरोयोच्या हातमोज्यावर चापट मारून चेंडू उडवला. आधी यांकीजना धाव मिळाली, मग पंचांनी ती काढून घेतली आणि रॉड्रिगेझला बाद दिलं. प्रेक्षकांनी मैदानात इतकं काहीबाही फेकलं की दंगलविरोधी पोलिसांना सीमारेषेवर बसवावं लागलं. ४-२, मालिका ३-३.

सातवा सामना खरं तर एकतर्फीच. ऑर्टिझचा होमरन पहिल्या डावात, डेमनचा चार धावांचा दुसऱ्या डावात, १०-३. त्याबद्दल जास्त लिहावं असं काही नाही, फक्त पिचर कोण होता ते बघा. डेरेक लो. हंगामाच्या शेवटी घसरल्याने त्याला सुरुवातीच्या पिचरांमधून काढलं होतं. चौथ्या सामन्यात त्याला पाळी मिळाली, कारण वेकफील्डने सोडली होती. आता जेमतेम दोन दिवसांच्या विश्रांतीवर त्याने सहा डाव टाकले आणि एकच फटका बसू दिला.

"म्हणजे शाप उतरला म्हणायचं?"

म्हणायला हरकत नाही, ऐकायला छान वाटतं. पुढे वर्ल्ड सिरीजमध्ये सेंट लुईस कार्डिनल्सना रेड सॉक्सनी ४-० असं धुतलं, ८६ वर्षांनी विजेतेपद, आणि त्या शेवटच्या रात्री खग्रास चंद्रग्रहणही होतं. एवढं सगळं जुळून आल्यावर कोण शाप नाकारणार!

पण आकडे वेगळं सांगतात. दोन संघ तुल्यबळ असतील तर सलग चार सामने जिंकणं म्हणजे नाणं चारदा टाकून चारही वेळा छापा पडणं. सोळांत एक. तसे २५ प्रसंग झाले असते तर निदान दीडेक वेळा कोणीतरी परत यायला हवं होतं, आणि २५ पैकी कोणीच न येण्याची शक्यता निघते साधारण वीस टक्के. म्हणजे अशक्य काहीच नव्हतं, उलट थोडा उशीरच झाला होता. अर्थात ०-३ मागे पडलेला संघ बहुधा कच्चाच असतो, म्हणून प्रत्यक्षात शक्यता सोळांत एकपेक्षा कमी. इथेच २००४ चं वेगळेपण आहे. ९८ सामने जिंकलेला, यांकीजच्या तोडीस तोड संघ पहिल्या तीन दिवसांत मागे पडला होता. कोलकात्यात २००१ ला फॉलोऑन मिळालेला भारतीय संघही कुठे कच्चा होता? लक्ष्मणचे २८१ आणि द्रविडचे १८० काही आकाशातून पडले नव्हते.

"मग यांकीजनी हाय खाल्ली?"

न्यू जर्सीचा भाचा हे ऐकून भडकतो, आणि त्याची बाजू अगदीच चुकीची नाही. यांकीजची कोठी मालिका सुरू होण्याआधीच अर्धी रिकामी होती. २००३ नंतर त्यांचे दोन भक्कम पिचर, अँडी पेटिट आणि रॉजर क्लेमन्स, ह्यूस्टनला निघून गेले होते. केविन ब्राउनने सप्टेंबरमध्ये रागाच्या भरात भिंतीवर बुक्का मारून स्वतःचा हात मोडून घेतला होता. सातव्या सामन्यात सुरुवात करायला तोच उरला, आणि दुसऱ्या डावातच बाहेर गेला. रेड सॉक्सकडे शेवटचा पिचर कीथ फोक चौथ्या, पाचव्या आणि सहाव्या अशा तिन्ही सामन्यांत आला, तीन दिवसांत शंभरेक चेंडू टाकले. ते त्याच्या हाताला पुढे बरंच महागात पडलं असं बॉस्टनवाले अजून हळहळून सांगतात. फलंदाजी ज्यांची चालू असते त्यांना १९ धावाही करता येतात, पण १९ धावांतल्या जादाच्या दहा उद्याच्या खात्यात जमा होत नाहीत. जपून ठेवलेले पिचर होतात.

एक काळी बाजूही सांगायला हवी. त्या काळावर उत्तेजकांची सावली आहे आणि ती दोन्ही तंबूंवर पडते. रॉड्रिगेझने यांकीजमध्ये येण्याआधी ती घेतल्याचं २००९ मध्ये स्वतः कबूल केलं, आणि रेड सॉक्सच्या मॅनी रामिरेझवर, तो दुसऱ्या संघात गेल्यावर, त्याच वर्षी ५० सामन्यांची बंदी आली. चमत्काराच्या गोष्टी सांगताना हे पान बहुतेक जण उलटूनच टाकतात.

"आता कोणी करून दाखवलंय का?"

बेसबॉलमध्ये नाही. २०२० मध्ये ह्यूस्टनने टॅम्पा बेविरुद्ध ०-३ वरून ३-३ केलं आणि सातवा सामना गमावला. बाकी कोणी तेवढंही पोचलेलं नाही.

आता फेऱ्याही वाढल्यात. २०२२ पासून बारा संघ प्लेऑफमध्ये येतात, आधी तीन सामन्यांची, मग पाच, मग सात आणि सात. २०२५ मध्ये यांकीजनी रेड सॉक्सला हरवलं ती यातली पहिली, तीन सामन्यांची मालिका. तीन सामन्यांत डबे जपावेच लागत नाहीत, जे आहे ते काढा आणि वाढा. म्हणून बॉस्टनची भाची "ही काय मालिका आहे का" म्हणते, आणि त्यात थोडा हरल्याचा कडवटपणा असला तरी मुद्दा आहे.

खरी मालिका त्याच महिन्यात पुढे सुरू झाली. लॉस एंजेलिस डॉजर्स आणि टोरोंटो ब्लू जेज, वर्ल्ड सिरीज, त्यातला एक सामना अठरा डाव चालला. मालिका ३-३. सहाव्या सामन्यात डॉजर्सकडून सुरुवात केली होती जपानच्या योशिनोबु यामामोतोने, ९६ चेंडू टाकून. शहाण्या मॅनेजरने त्याला चार दिवस हात लावला नसता. दुसऱ्याच रात्री, सातव्या सामन्याच्या नवव्या डावात, डबे सगळे खरवडून झाल्यावर मॅनेजरने यामामोतोलाच पुन्हा बोलावलं. त्याने अकराव्या डावाच्या शेवटापर्यंत टाकलं आणि डॉजर्स ५-४ ने जिंकले.

त्या मॅनेजरचं नाव डेव्ह रॉबर्ट्स. तोच, बॉस्टनमध्ये बोटाच्या पेराएवढ्या फरकाने दुसऱ्या बेसवर पोचलेला.